मानाचा नारळ आणि नगराचा कारभार

आषाढी एकादशीच्या पहाटे पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीची शासकीय महापूजा होते. राज्याचे मुख्यमंत्री सपत्नीक पूजेला बसतात. दर्शनाच्या रांगेतून निवडलेल्या एका वारकरी जोडप्याला त्यांच्याबरोबर बसण्याचा मान मिळतो. पूजा आटोपली की मुख्यमंत्री बाहेर येतात आणि राज्यात चांगला पाऊस पडू दे, बळीराजा सुखी होऊ दे, असे साकडे विठ्ठलाला घातल्याचे सांगतात. प्राचीन रोमचे नवे कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेले सर्वोच्च अधिकारी, इसवी सनापूर्वी १५३ पासून १ जानेवारीला कारभार हाती घेऊ लागले. त्या दिवशी ते कॅपिटोलिन टेकडी चढून ज्युपिटरला बैलांचा बळी देत, आधीच्या कॉन्सलांनी राज्याच्या वतीने बोललेला नवस फेडत आणि येत्या वर्षाचा नवा नवस बोलत. सिनेटची पहिली बैठक त्यानंतर.

या दोन घटनांत दोन हजार वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर आहे. देव वेगळे, विधी वेगळे, राज्यव्यवस्था तर पूर्णच वेगळी. तरी दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न उभा राहतो. सर्वांच्या वतीने पूजा कोण करतो, कोणाच्या पैशाने करतो, आणि त्या ‘सर्वां’त कोणाकोणाची गणती होते? हा संग्रह या प्रश्नाभोवती उभा आहे. धर्मविधी आणि नागरी परंपरा ही दोन वेगळी खाती आहेत असे आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात गावाचा आणि नगराचा कारभार शतकानुशतके देवळाच्या पायरीवर, पालखीच्या वाटेवर आणि वर्गणीच्या वहीत ठरत आला आहे.

सुरुवात रोमपासून करण्याचे कारण असे की, या विषयाची सर्वांत सविस्तर नोंद त्या नगराने मागे ठेवली आहे. रोमन लोक सार्वजनिक विधी आणि घरगुती विधी यांत स्पष्ट फरक करत. सार्वजनिक विधी लोकांच्या वतीने आणि सरकारी खर्चाने होत. ते करणारा पुरोहितवर्ग समाजापासून वेगळा काढलेला नव्हता. ज्युलियस सीझर इ.स.पू. ६३ मध्ये मुख्य पोंटिफेक्सच्या, म्हणजे प्रमुख पुरोहिताच्या, पदावर मते मिळवून निवडून आला आणि चार वर्षांनी कॉन्सल झाला. वक्ता आणि वकील म्हणून गाजलेला सिसेरो शकुन पाहणाऱ्या ऑगर मंडळाचा सभासद होता. सभा भरवायची, निवडणूक घ्यायची, लढाईला निघायचे, तर आधी शकुन पाहायचा. इ.स.पू. २४९ मध्ये क्लॉडियस पुल्खर या सेनापतीने शकुनाच्या कोंबड्या दाणे टिपत नाहीत म्हणून त्या समुद्रात फेकून दिल्या आणि त्यानंतर ड्रेपानाच्या लढाईत त्याचे आरमार बुडाले, ही कथा रोमन लोक पिढ्यानपिढ्या सांगत राहिले.

त्या धर्मात तुमच्या मनात काय आहे हे फारसे कोणी विचारत नसे. विधी नेमका झाला की नाही, एवढेच पाहिले जाई. मंत्रात चूक झाली तर सगळे पहिल्यापासून. वेस्टाच्या सहा कुमारिका तीस-तीस वर्षे नगराचा अग्नी राखत; तो विझणे हे सबंध राज्यावरचे संकट मानले जाई. नवे देवही राज्याच्या ठरावाने येत. इ.स.पू. २०४ मध्ये हॅनिबलशी युद्ध चालू असताना आशिया मायनरमधून महामातेची काळी शिळा जहाजातून रोमला आणली गेली आणि पुढे पॅलाटाइन टेकडीवर तिचे देऊळ उभे राहिले. उलट इ.स.पू. १८६ मध्ये बॅकसच्या भक्तमंडळांवर सिनेटने कडक बंधने घातली. परवानगी कोणाला आणि बंदी कोणावर, हे ठरवणे म्हणजेच राज्य करणे होते.

या संग्रहाच्या दृष्टीने रोममधला सर्वांत महत्त्वाचा विधी मात्र कॅपिटोलवरचा नाही, चौकातला आहे. रोमच्या प्रत्येक वस्तीच्या चौकात रक्षक लारेस देवांचे छोटे ठाणे असे. वर्षाच्या शेवटी किंवा नव्या वर्षाच्या आरंभी तिथे कॉम्पितालिया हा सण होई. त्यात गुलाम आणि मुक्त केलेले गुलाम पुढाकार घेत. वस्तीची मंडळे एकत्र येतात तिथे राजकारणही येते, म्हणून इ.स.पू. ६४ मध्ये सिनेटने अशा मंडळांवर बंदी घातली. सहाच वर्षांनी, इ.स.पू. ५८ मध्ये, क्लोडियस नावाच्या लोकनेत्याने ती उठवली आणि वस्त्यांतली आपली ताकद वाढवली. शेवटी ऑगस्टसने इ.स.पू. ७ मध्ये नगराचे चौदा विभाग आणि त्याखाली वस्त्या अशी नवी रचना केली. वस्तीचे कारभारी बहुतेक मुक्त गुलामच असत. सणाच्या दिवशी त्यांना मॅजिस्ट्रेटसारखा किनारीचा टोगा नेसण्याचा आणि पुढे दोन दंडधारी घेऊन चालण्याचा मान मिळे. राज्याच्या मोठ्या पदांचे दरवाजे ज्यांना बंद होते, त्यांना नगराने पहिल्यांदा ओळखले ते चौकातल्या देवाच्या निमित्ताने.

आपल्याकडे वळलो की हाच धागा दुसऱ्या रंगात दिसतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला. त्यात पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांचे हक्क आणि मान कसे वाटलेले होते ते त्यांनी बारकाईने मांडले. होळीला पहिली पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, देवीच्या यात्रेत मानाचा नारळ कोणाचा, यावरून गावात डोकी फुटत. कारण मान गेला की वतनावरचा दावाही सैल होई. मानपान हा त्या काळचा दस्तऐवज होता.

कोकणात हे अजून डोळ्यांनी पाहता येते. मालवण तालुक्यातल्या आचरे गावी काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल मिळाला की सगळे गाव, गुराढोरांसह, कोंबड्या-कुत्र्यांसह, तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहुट्यांत राहते. त्यात मुसलमान कुटुंबेही असतात. घरे रिकामी, देऊळ शांत, बाजारपेठ ओस. परत यायचे तेही पुन्हा कौल घेऊनच. ऑगरच्या शकुनाशिवाय रोमची सभा भरत नसे. इथे कौलाशिवाय गाव गावात परतत नाही. गाव म्हणजे कोण, याचे उत्तर त्या तीन दिवसांत वेशीबाहेर उघड्यावर मांडलेले असते. जो सर्वांबरोबर बाहेर पडतो, तो गावचा.

मुंबईच्या कोळीवाड्यांतली नारळी पौर्णिमाही निव्वळ सण नव्हे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, माशांची विणीची वेळ असते, म्हणून होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात. श्रावणी पौर्णिमेला सोनेरी नारळ वाजतगाजत दर्याला वाहिला की होड्या पाण्यात लोटायच्या. आज सरकार १ जूनपासून मासेमारीबंदी जाहीर करते आणि तिच्या तारखा अधिसूचनेने ठरतात. कोळ्यांच्या पंचांनी हाच नियम कितीतरी आधी देवाच्या नावाने घालून दिला होता, आणि तो मोडणाऱ्याला कोळीवाड्यात तोंड दाखवायला जागा नसे.

नगर वाढले तसे त्याचे विधीही वाढले. माहीमला मखदूम फकीह अली माहीमी यांचा दर्गा आहे. डिसेंबरच्या उरुसात पहिला संदल मुंबई पोलिसांचा असतो. गणवेशातले अधिकारी माहीम पोलीस ठाण्यातून मिरवणुकीने तो दर्ग्यात नेतात. वांद्र्याला सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा भरते. कोळी बायका मेरीला मोत माउली म्हणतात आणि नवसाप्रमाणे मेणाचे हात, पाय, बाळ वाहतात. डोक्यावर छप्पर मागणारे मेणाचे घर वाहतात. लालबागला पेरू चाळीजवळचा बाजार १९३२ मध्ये बंद पडला. उघड्यावर बसून धंदा करणाऱ्या कोळी आणि व्यापारी मंडळींनी कायमच्या जागेसाठी नवस बोलला. जागा मिळाली आणि १९३४ मध्ये तिथे गणपती बसला. नवसाला पावणारा म्हणून आज देशभर ओळखला जाणारा हा गणपती मुळात बाजाराच्या गाळ्यांसाठी बोललेल्या नवसाचा आहे, ही गोष्ट नागरी इतिहासाच्या कोणत्याही अभ्यासकाने विसरू नये.

या विषयाच्या अभ्यासाच्या वाटाही अनेक आहेत. युरोपात फ्युस्तेल द कुलांज यांनी १८६४ मध्ये ‘प्राचीन नगर’ हा ग्रंथ लिहून चूल, पूर्वज आणि नगरदेवता यांतूनच प्राचीन नगरराज्य घडले, असे मांडले. गेओर्ग व्हिसोवा यांनी १९०२ मध्ये रोमन देवता आणि विधी यांची कायद्याच्या शिस्तीने मांडणी केली. विसाव्या शतकाच्या अखेरीस मेरी बिअर्ड, जॉन नॉर्थ आणि सायमन प्राइस यांनी रोमचा धर्म एक नव्हता, अनेक होते, असे म्हणत त्या नगरातल्या परक्या, स्त्रिया, गुलाम यांच्या उपासनांना जागा दिली. जॉन शाइड यांनी आणखी पुढे जाऊन रोमन माणसासाठी विधी करणे हाच विश्वास होता, असे सांगितले. नगरधर्माचा हा सिद्धांत घर, शरीर आणि एकट्या माणसाच्या अनुभवाला न्याय देत नाही, असा आक्षेप अलीकडचे अभ्यासक घेतात आणि तो रास्त आहे.

महाराष्ट्रात या विषयाकडे येणारे रस्ते वेगळे आहेत. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या ग्रंथांतून विधींचा शास्त्रोक्त इतिहास लिहिला. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवत हिंडले आणि जुन्या वाटा जिथे मिळतात तिथेच मातृदेवतांची ठाणी कशी सापडतात ते त्यांनी दाखवले. रा. चिं. ढेरे यांनी लोकदैवतांच्या कुळकथा उलगडल्या. त्यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ म्हणजे एका देवाच्या पोटात किती समाज सामावले आहेत याचा शोध आहे. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या बिरोबा-म्हस्कोबापासून खंडोबापर्यंतचा प्रवास नोंदवला. इरावती कर्वे स्वतः वारीत चालल्या, आणि एकाच दिंडीत ब्राह्मण व मराठा वारकऱ्यांच्या पंगती वेगळ्या बसतात हे पाहून व्यथित झाल्या. या सर्वांचे ऋण आमच्यावर आहे. पण या अभ्यासाचा भर बहुतेक गाव, डोंगर आणि तीर्थ यांवर राहिला. महानगराची वस्ती, तिची मंडळे आणि तिचे परवाने यांच्याकडे मराठीत त्या मानाने कमी लक्ष गेले.

विधी माणसे जोडतो, हे अर्धेच सत्य आहे. तो माणसे बाहेरही ठेवतो, आणि हे महाराष्ट्राइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल? सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे तसे जाहीरही केले. कागदावर हक्क मिळाला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्या अनुयायांना मारहाण झाली. सनातन्यांनी पुढे काय केले, तर तळ्याचे शुद्धीकरण. तळ्यातले पाणी एकशे आठ घागरींनी उपसून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून, मंत्र म्हणत ते पुन्हा तळ्यात ओतले गेले. नगरपालिकेच्या ठरावाला उत्तर विधीने दिले गेले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली दलितांच्या बाजूने लागला. नागरी हक्क आणि धर्मविधी ही एकाच लढाईची दोन मैदाने आहेत, हे महाडइतके स्वच्छ कुठेच दिसत नाही.

पंढरपूरचीही तीच कथा आहे. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले तेव्हा विठ्ठलाचे दार दलितांना उघडले. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांच्या वंशपरंपरागत हक्कांवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये पडदा टाकला, आणि त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारी म्हणून काम करण्यासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. मुख्यमंत्र्यांशेजारी रांगेतले वारकरी जोडपे बसते, त्या एका आसनामागे एवढा मोठा इतिहास आहे. आमचा निवाडा साधा आहे. कोणत्याही सार्वजनिक विधीची थोरवी त्याच्या प्राचीनतेवर मोजू नये. त्याने किती लोकांना आत घेतले, यावर मोजावी.

हा संग्रह मुंबईतल्या मानखुर्दमध्ये आकाराला आला, याला अर्थ आहे. तुर्भे, माहूल, आणिक, मंडाले, देवनार, मानखुर्द ही खाडीकाठची जुनी गावे. महानगराने या पट्ट्यात आपला कचरा पाठवला, तेलशुद्धीकरण कारखाने पाठवले, आणि मग आपली विस्थापित माणसे पाठवली. १९७६ मध्ये जनता कॉलनी हटवून तिथल्या हजारो लोकांना चिता कॅम्पमध्ये आणून सोडले गेले. रेल्वे आणि रस्ते रुंद करताना हटवलेली कुटुंबे पुढे लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत आली. सव्वादोनशे चौरस फुटांची खोली मिळाली, पण शेजार नवा, शाळा लांब, पाण्याची वेळ अनिश्चित. अशा ठिकाणी एकमेकांना न ओळखणारी माणसे पहिल्यांदा एकत्र कशी येतात? बहुतेक वेळा उत्तर एकच असते. जयंती, गणपती, नवरात्र, मोहरम, जत्रा.

त्या निमित्ताने मंडळ तयार होते. धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ सीखाली वर्गणी गोळा करण्याची परवानगी काढावी लागते. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात मंडपाचा अर्ज, पोलिसांचा ना-हरकत दाखला, वाहतूक शाखा, अग्निशमन दल. विशीतला मुलगा आयुष्यातला पहिला सरकारी अर्ज बहुधा मंडळासाठीच लिहितो. वर्गणीचे पावती-पुस्तक उघडा : इमारत क्रमांक, मजला, खोली क्रमांक, नाव, रक्कम. वस्तीची ही पहिली खरी खानेसुमारी. मतदार यादीत नाव चढण्याआधी भाडेकरूचे नाव इथे चढलेले असते. पुढे पाण्याच्या जोडणीसाठी, गटारासाठी, दवाखान्यासाठी मोर्चा निघतो तेव्हा सह्या गोळा करणारी माणसे तीच असतात. ऑगस्टसच्या रोममध्ये चौकातल्या लारेसनी जे काम केले, ते इथे १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीने, १ ऑगस्टच्या अण्णाभाऊ साठे जयंतीने आणि गल्लीतल्या गणपतीने केले आहे.

हे सगळे सुखाचे नाही, आणि म्हणूनच हा विषय आज तातडीचा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत, तरी दवाखान्याच्या दारात भोंगे वाजतात. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला. दहीहंडीत किती वर्षांच्या मुलाने थरावर चढावे, हे न्यायाधीशांना ठरवावे लागले. राज्य सरकारने २०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. म्हणजे वर्गणीतून उभ्या राहिलेल्या उत्सवात आता तिजोरीही आली, आणि तिजोरी आली की तिच्या मागून तिचे मालक येतात. कमानीवरच्या फलकांत देवापेक्षा नेता मोठा दिसू लागला आहे. मिरवणुकीची वाट मुद्दाम दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळावरून नेण्याचा हट्ट हाही एक ‘विधी’ होऊ पाहतो आहे. आम्ही त्याला स्पष्ट शब्दांत चूक म्हणतो.

याच नगराने वेगळी वाटही दाखवली आहे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आली. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरवले आणि विसर्जन निर्वेध पार पडले. पुढच्या वर्षी अशाच कारणाने सरकारने मुंबईत ईदची सुट्टी १६ सप्टेंबरऐवजी १८ तारखेला दिली. कोणत्याही पोथीत हा नियम लिहिलेला नाही. तो शेजाऱ्यांनी बसून ठरवला. नागरी परंपरा जन्माला येते ती अशीच.

या संग्रहात रोमचा धर्म साऱ्या अंगांनी सांगण्याचा प्रयत्न नाही, आणि महाराष्ट्रातल्या सणांचा कोशही नाही. ख्रिस्ती धर्म राजधर्म झाल्यावर चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमचे सार्वजनिक यज्ञ कायद्याने बंद झाले. ते कसे आणि का मावळले, याचा वेध इथे आहे, कारण राजाश्रयावर उभा राहिलेला विधी राजाश्रय सरला की किती वेगाने कोसळतो, हे आपल्यालाही कळायला हवे. बाकी भर आहे तो पैसा, मान, वाट आणि परवाना या चार गोष्टींवर. तुलना करताना आम्ही सावध राहिलो आहोत. रोम हा मुंबईचा आरसा नव्हे. पण आपल्या अंगणातली गोष्ट फार ओळखीची झाली की तिच्यातले नवल दिसेनासे होते. दूरच्या नगराचा इतिहास ते पुन्हा दाखवून देतो. लॅटिन किंवा संस्कृत न येणाऱ्या, पण आपल्या गल्लीची वर्गणी न चुकता भरणाऱ्या वाचकासाठी हे पुस्तक आहे.

वाचकांना एक विनंती. तुमच्या वस्तीतल्या मंडळाची जुनी पावती-पुस्तके, हिशेबाच्या वह्या, परवानगीचे अर्ज, पहिल्या वर्षीचे फोटो रद्दीत जाऊ देऊ नका. गावदेवीच्या जत्रेत मानाचा नारळ कोणाचा होता, तो कधी बदलला, कोणाला कधी पहिल्यांदा मिळाला, हे तुमच्या आजीला-मामाला विचारून लिहून ठेवा. रोमच्या चौकातल्या कारभाऱ्यांची नावे संगमरवरात कोरली गेली, म्हणून ती आज वाचता येतात. मानखुर्दच्या चौकात राबलेल्या माणसांची नावे कागदावर आहेत, आणि कागद जपला तरच राहतो.